ओपन हार्ट शस्त्रक्रियेनंतरची ब्रा : या चुका टाळा

बायपासची किंवा झडपेची शस्त्रक्रिया झाल्यावर घरी सोडताना जो कागद हातात पडतो, त्यावर गोळ्यांच्या वेळा असतात, मिठाचे आणि पाण्याचे प्रमाण असते, किती वजन उचलायचे हेही असते. पण छातीवर एवढी मोठी जखम असलेल्या स्त्रीने अंगात काय घालावे, याबद्दल बहुतेकदा एक ओळही नसते. डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो, शेजारी मुलगा किंवा जावई उभा असतो, आणि प्रश्न न विचारताच घरी येतो. माझ्या आईच्या बायपासनंतर आमच्याकडेही तो तसाच आला आणि पुढच्या पंधरवड्यात खाली लिहिलेल्या चुकांपैकी निदान तीन आम्ही केल्या.

आधी जखम नीट समजून घेतली पाहिजे. नेहमीच्या ओपन हार्ट शस्त्रक्रियेत गळ्याच्या खळगीच्या थोडे खालून छातीच्या मधोमध साधारण १५ ते २५ सेंटीमीटरची उभी चीर दिली जाते, तिच्याखालचे हाड म्हणजे उरोस्थी उभी कापली जाते आणि हृदयाचे काम झाल्यावर ती स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधली जाते. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटलेली दिसते, पण हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्याला पुरती बळकटी यायला सुमारे तीन महिने. चिरेच्या खालच्या टोकाजवळ, साचलेले रक्त बाहेर काढण्यासाठी घातलेल्या नळ्यांची छिद्रे असतात. ब्राच्या दोन कपांमधला भाग चिरेवर येतो आणि खालचा पट्टा या छिद्रांच्या आसपास. निवडीच्या बहुतेक चुका या दोन जागा विसरल्यामुळे होतात.

ब्रा घालणेच सोडून देणे

जखमेला कशाचा स्पर्शही नको म्हणून दोन-तीन महिने नुसत्या सैल गाऊनवर राहणे ही सर्वांत जास्त दिसणारी आणि, माझ्या मते, सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हेतू चांगला असतो, पण स्तनांना स्वतःचे वजन असते. उभे राहिल्यावर ते खाली ओढते, पाठीवर झोपल्यावर दोन्ही बाजूंनी काखेकडे ओढते, आणि दोन्ही वेळा ताण येतो तो मधल्या चिरेच्या कडांवर. सुरुवातीचे काही आठवडे पाठीवरच झोपायला सांगतात, म्हणजे दिवसा थोडाफार सावरला जाणारा हा ताण रात्रभर चालू राहतो. स्तन मोठे असतील आणि जोडीला मधुमेह किंवा जास्त वजन असेल, तर टाक्यांच्या कडा उघडण्याचा आणि जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट हृदयशस्त्रक्रियेच्या क्षेत्रात नवी नाही. ती रुग्णाच्या घरापर्यंत मात्र क्वचित पोहोचते.

बायपासच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी डावी धमनी, जी उरोस्थीला आणि स्तनाच्या काही भागाला रक्त पुरवते, तीच बहुतेक बायपासमध्ये सोडवून हृदयाच्या रक्तवाहिनीला जोडतात. त्यामुळे हाडाच्या त्या अर्ध्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो, आणि डाव्या स्तनाच्या वरच्या व आतल्या भागात बधिरपणा, झिणझिण्या किंवा नुसत्या कापडाच्या स्पर्शानेही होणारी आग अनेक आठवडे राहू शकते. ही आग होते म्हणून ब्रा काढून टाकली जाते, आधार गेल्यामुळे ओढ वाढते, ओढीमुळे दुखणे वाढते आणि मग ब्रा पुन्हा घालण्याची हिंमत होत नाही. आमच्या घरी हे चक्र आठवडाभर चालले. उपाय म्हणून आईने आतून मऊ, शिवण नसलेल्या कापडाची ब्रा घातली आणि तिच्या आत जुन्या मलमलीच्या धोतराची स्वच्छ धुतलेली घडी ठेवली, तेव्हा ते थांबले.

ब्रा कोणत्या दिवसापासून घालायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचे असते, आणि त्यांनी सांगितले नाही तर वॉर्डातल्या सिस्टरला विचारावे. त्यांना या प्रश्नाचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. एकदा परवानगी मिळाली की मोठ्या स्तनांच्या स्त्रीने ती रात्रीही घालावी आणि केवळ अंघोळीपुरती व जखम पुसण्यापुरती काढावी. स्तन लहान असतील तर मऊ स्लिपनेही काम भागू शकते. प्रत्येकीला खास ब्रा हवीच असे नाही.

हात मागे नेणे, किंवा तो न्यायला लागू नये म्हणून केलेली युक्ती

मागे हुक असलेली ब्रा लावताना दोन्ही हात पाठीमागे जातात, खांदे मागे खेचले जातात आणि छाती पुढून ताणली जाते. हाड जुळत असताना नेमकी हीच हालचाल टाळायची असते. हे बहुतेकींना कळते, पण त्यावर शोधलेली युक्ती तितकीच वाईट असते : हुक पुढे लावायचे आणि ब्रा अंगाभोवती फिरवून मागे न्यायची. या फिरवण्यात पट्टा नळ्यांच्या छिद्रांवरून घासत जातो आणि कातडी एका बाजूला ओढली जाते. डोक्यावरून चढवायची स्पोर्ट्स ब्रा तर पहिल्या तीन महिन्यांत घरात दिसूही नये. घालताना हात वर करावे लागतात आणि घामाने ओली झालेली ती ब्रा काढताना त्याहून जास्त ओढाताण होते.

योग्य ब्रा पुढून पूर्ण उघडणारी असावी आणि कोटासारखी चढवता यावी. खुर्चीत बसावे, दंड शरीराला चिकटलेले ठेवून एक-एक हात पट्ट्यातून घालावा, पाठीमागचा भाग दुसऱ्या कुणीतरी सारखा करावा आणि हुक खालून वर लावत यावे. एकटीने करायचे झाल्यास पट्टे आधीच सैल सोडून ठेवावेत.

‘फ्रंट ओपन’ या शब्दावर विसंबणे

दुकानात किंवा ऑनलाइन ‘फ्रंट ओपन’ असे लिहिलेली प्रत्येक ब्रा कामाची नसते. यातल्या बऱ्याच ब्रांना मधोमध प्लास्टिकची किंवा धातूची एकच टणक चाप असते, आणि ती बरोबर चिरेवर येऊन बसते. काहींमध्ये कपाखाली वायर असते. वायरने काचते, आणि काचलेली जागा बधिर असेल तर ते कळतही नाही. पॅड घालून फुगवलेल्या कपांची ब्रा पुढून उघडत असली तरी तिचा मधला भाग छातीवर दाबून बसतो. आपल्याला हवी आहे ती वरपासून खालपर्यंत हुकांची रांग असलेली, हुकांच्या आत मऊ कापडाची सलग पट्टी असलेली, रुंद पट्ट्यांची, बिनवायरची, सुती किंवा होजियरीची ब्रा. चेनची ब्राही चालते, पण चेनच्या आतून पट्टी नसेल तर ती घेऊ नये.

बाळंतिणीची ब्राही अनेक जणी सुचवतात, कारण ती मऊ असते आणि घरात सुनेची किंवा मुलीची सापडते. मात्र तिचे कप वरून उघडतात आणि मुख्य हुक बहुतेकदा मागेच असतात, म्हणजे मूळ अडचण तशीच राहते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरतात त्या ब्रांमध्ये मात्र पुढून हुक असलेले प्रकार मिळतात, आणि त्या विकणाऱ्या सर्जिकल साहित्याच्या दुकानात एकदा जरूर चौकशी करावी.

काहीच पसंत पडत नसेल तर आपल्याकडे एक सोय आहे, जिचा विचार का होत नाही हे मला कळत नाही. ओळखीच्या शिंप्याला सांगून धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची पुढून हुकांची बॉडी शिवून घ्यावी. मुंढा नेहमीपेक्षा सैल ठेवायला सांगावा, म्हणजे हात घालताना ओढ बसत नाही. टक्स कमीत कमी असावेत. आणि हूकपट्टी मध्यावर न घेता दोन बोटे डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून घ्यावी, म्हणजे हुकांची रांग चिरेवर येत नाही. पुढे गाठ मारायच्या जुन्या चोळीतही हात मागे न्यावा लागत नव्हता, ही गोष्ट खरी. तिची गाठ मात्र चिरेच्या खालच्या टोकावरच येते, त्यामुळे कुणी हौसेने चोळी शिवणार असेल तर गाठीऐवजी बाजूला हुक घ्यावेत.

जुन्या मापावर जाणे

शस्त्रक्रियेनंतर अंगावर सूज असते, पुढे ती उतरते, भूक मंदावल्यामुळे वजनही घटते. त्यामुळे कपाटातल्या ब्राचे माप काही महिने तरी खोटे ठरते. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर आधीच माप घेऊन एक मोठा आकार आणून ठेवावा. आकार वाढवताना केवळ पट्टा वाढवायचा आहे की कपही, हे ठरवावे. कप ठीक असून पट्टाच काचत असेल, तर ३६ सीऐवजी ३८ बी घ्यावी, कारण या दोन्हींच्या कपात मावणारा भाग जवळजवळ सारखाच असतो. स्तनांवरही सूज असेल तर ३८ सी. मागच्या हुकांना जोडायची जादा पट्टी पुढच्या हुकांना चालत नाही आणि पुढे बहुधा हुकांची एकच रांग असते, म्हणून पुढून उघडणाऱ्या ब्राचे माप चुकले तर सावरायला वाव राहत नाही.

माप बरोबर आहे की नाही हे आरशात पाहून ठरवू नये. पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, हे झालेच. पण त्याहून खरी परीक्षा श्वासाच्या व्यायामाच्या वेळी होते. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे साधन, म्हणजे तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, बहुतेक रुग्णांना दिलेले असतेच. ब्राशिवाय जेवढे चेंडू वर जातात तेवढे ब्रा घालून जात नसतील, तर पट्टा घट्ट आहे. खोल श्वास अडवणारा आधार या दिवसांत घातक असतो, कारण फुप्फुसे पूर्ण फुलली नाहीत तर कफ साचतो आणि खोकला वाढतो. आणि खोकताना छातीशी उशी धरायची असतेच. ब्रा घातली म्हणून ती सवय सोडू नये.

छातीच्या पट्ट्यालाच ब्रा समजणे

काही रुग्णालयांत छातीभोवती गुंडाळायचा रुंद पट्टा देतात. तो हाडाला आणि बरगड्यांना आधार देण्यासाठी असतो, स्तन उचलून धरण्यासाठी नव्हे. स्तनांवरून तो आवळला तर ते दाबले जाऊन बाजूला सरकतात. आत पुढून उघडणारी मऊ ब्रा आणि वरून पट्टा, अशी रचना सहसा सोयीची पडते. पण पट्टा किती वेळ आणि किती घट्ट, हे ज्यांनी तो दिला त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

घाम, पावडर आणि ओलसर कपडा

स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते, खाज सुटते, बुरशीचा संसर्ग होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आणि मधुमेह असताना तर फार लवकर. त्यावर टाल्कम पावडर टाकण्याचा मोह होतो, पण ती उडून ओल्या जखमेवर बसते. रोज सौम्य साबणाने धुऊन, न चोळता टिपून कोरडे करावे आणि घडीत मलमलीची पातळ पट्टी ठेवून ती दिवसातून दोन-तीनदा बदलावी. निदान तीन ब्रा हव्यात. पावसाळ्यात दोरीवरची ब्रा वाळत नाही आणि ओलसर असतानाच घातली जाते. यापेक्षा इस्त्री फिरवून पुरती कोरडी केलेली बरी. नवी ब्राही एकदा धुऊनच वापरावी. खोबरेल किंवा हळद जखमेवर लावू नये.

ब्रा घातल्यावर खुपत असेल तर

काढल्यानंतर अर्ध्या तासानेही पट्ट्याचा वळ दिसत असेल तर माप बदलावे. कृत्रिम झडप बसवलेल्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या अंगावर थोड्या दाबानेही निळे डाग पडतात, म्हणून तिने रोज आरशात पट्ट्याखालची जागा पाहावी. सगळे वजन खांद्यांवर येऊन मान दुखत असेल तर पट्टे अरुंद आहेत किंवा खालचा पट्टा इतका सैल आहे की तो काही कामच करत नाही. पेसमेकर बसवला असेल तर त्या बाजूचा खांद्यावरचा पट्टा बाहेरच्या अंगाला सरकलेला असावा.

काही तक्रारी मात्र ब्राच्या नसतात, आणि ब्रा बदलत बसण्यात वेळ गमावू नये. कूस बदलताना किंवा खोकताना छातीच्या हाडात कट्‌कन आवाज होणे किंवा हाड हलल्यासारखे वाटणे, चिरेच्या कडा सुटणे, वाढत जाणारी लाली, पू किंवा अचानक वाढलेला स्राव, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

झडपेची शस्त्रक्रिया उजव्या स्तनाखालच्या छोट्या आडव्या चिरेतून झाली असेल, तर वरचे बरेचसे लागू होत नाही. तिथे उरोस्थी कापलेली नसते, पण चीर नेमकी ब्राच्या पट्ट्याखाली असते. अशा वेळी कमरेच्या वरपर्यंत येणारी, रुंद आणि सैल खालच्या पट्ट्याची बॉडी जास्त सुखाची ठरते.

वायरची किंवा मागे हुक असलेली जुनी ब्रा पुन्हा कधी, हा प्रश्न तीन महिन्यांच्या आत विचारण्याची घाई करू नये. हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती आधी घरात तासभर घालून पाहावी. चिरेचा व्रण जाड आणि उंच झाला असेल, आणि छातीच्या मध्यावर तो तसा होण्याची प्रवृत्ती असतेच, तर मधला भाग त्यावर घासतो. मग जुनी ब्रा बाजूलाच ठेवावी. आईने तिच्या सगळ्या जुन्या ब्रा वर्षभर कपाटात जपून ठेवल्या आणि शेवटी शिंप्याकडे आणखी चार बॉड्या टाकल्या.