नवी हार्ड डिस्क घरी आल्यावर पहिले चार दिवस

हार्ड डिस्क कॉम्प्युटरमध्ये बसवायला अर्धा तास पुरतो. तिच्यावर भरवसा ठेवायला मात्र तीन-चार दिवस द्यावेत, आणि तेही दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत. बहुतेक जण नेमकं उलट करतात. डिस्क लावली, झटपट फॉरमॅट मारला, जुन्या डिस्कवरचे सगळे फोटो हलवले आणि जुनी डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकली. पंधरा दिवसांनी नवी डिस्क अडखळायला लागते, तेव्हा दुकानदार म्हणतो, ‘आता कंपनीकडे पाठवा.’

इथे धरून चाललोय ती अगदी नेहमीची परिस्थिती: डेस्कटॉप आहे, विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) आहे, आणि फोटो, व्हिडिओ, हिशेबाच्या फायलींसाठी साटा केबलने मदरबोर्डला जोडायची ३.५ इंची हार्ड डिस्क दुसरी म्हणून लावायची आहे.

घेताना

किती टीबी आणि किती आरपीएम, एवढंच लोक विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी, सुट्या असतात. एसएमआर डिस्कमध्ये त्या कौलारू छपरासारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात. तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. त्यामुळे मोठी कॉपी लावली की सुरुवातीला सेकंदाला १५० एमबीचा वेग दिसतो आणि आतली तात्पुरती जागा भरली की तो २०-३० एमबीवर किंवा त्याहूनही खाली घसरतो. डिस्क खराब झाली असं वाटतं, पण ती तिच्या जातीप्रमाणेच वागत असते. फोटो एकदा टाकून नुसते पाहायचे असतील तर एसएमआर चालते. रोज लिहायचं-पुसायचं असेल, रेडसाठी (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्यासाठी) किंवा नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या डब्यासाठी) हवी असेल, तर सीएमआरच घ्या. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या, ‘रेड’ नावाच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि गदारोळ उठला. त्यानंतर कंपन्यांनी कोणतं मॉडेल कोणत्या जातीचं, याच्या याद्या जाहीर केल्या. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं. लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या यादीत शोधा.

वेस्टर्न डिजिटलच्या ‘पर्पल’ किंवा सीगेटच्या ‘स्कायहॉक’ या डिस्क सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी (रेकॉर्डरसाठी) बनवलेल्या असतात. डेस्कटॉपमध्ये त्या चालतात, फक्त बारीकसारीक फायलींच्या कामात चपळाईची अपेक्षा ठेवू नका. मात्र फारच स्वस्तात मिळत असेल तर ती एखाद्या डीव्हीआरमधून काढलेली तर नाही ना, हे आधी पाहा. स्क्रूच्या भोकांच्या कडेला घासल्याच्या खुणा आणि साटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवरचे ओरखडे खोटं बोलत नाहीत. सीरियल नंबर काउंटरवरच मोबाइलवरून कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. मुदत आधीच सुरू झालेली किंवा वॉरंटी भारताबाहेरची दिसली, तर पैसे देऊ नका.

डिस्क किती तास चालली याची नोंद तिच्यातच असते, पण तो आकडा शून्य दिसला म्हणून डिस्क नवीच असते असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट एक्झॉस डिस्क तासांची नोंद पुसून युरोपात नव्या म्हणून विकल्या गेल्याचं समोर आलं. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद असते आणि खरे आकडे तिथेच सापडले. ही नोंद स्मार्टमॉनटूल्स या फुकटच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्यांमधून वाचता येते.

बसवताना

१. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच डिस्क पिशवीतून काढा.

२. डिस्क कडेने धरा. खालच्या सर्किटला बोट लावू नका आणि टेबलावर आपटू नका. वरच्या झाकणाला जिथे हवेचं बारीक छिद्र असतं, तिथे स्टिकर चिकटवू नका. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कना असं छिद्र नसतं.

३. ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे ६-३२ मापाचे स्क्रू लागतात. एसएसडीचे बारीक एम-३ स्क्रू तिच्यात सैल फिरतात. चार स्क्रू लावा, हाताने घट्ट करा, जोर लावू नका. दोनच स्क्रूंवर लटकलेली डिस्क गुणगुणते आणि तो कंप पुढे तिच्याच हेडला, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला, त्रास देतो. कॅबिनेटमध्ये रबरी वायसर असतील तर ते वापराच.

४. साटाची डेटा केबल मदरबोर्डला जोडा. त्याआधी मदरबोर्डची पुस्तिका उघडून एक गोष्ट बघा: अनेक बोर्डांवर एम.२ च्या (थेट बोर्डावर एसएसडी बसवायच्या) खाचेत एसएसडी असेल तर एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. ‘डिस्क दिसतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

५. पॉवरची केबल थेट एसएमपीएसमधून आलेली असावी. जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा कनव्हर्टर लावणं टाळा, विशेषतः ज्याच्या तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात तो. आत तारा एकमेकींना टेकून असे कनव्हर्टर वितळल्याची उदाहरणं आहेत. चालू होताना डिस्क १२ व्होल्टच्या तारेवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, त्यामुळे सैल जोड तिथेच तापतो.

केबल सारखी काढ-घाल करू नका. आतल्या साटा जोडणीचं आयुष्य अवघ्या ५० वेळांच्या हिशेबाने धरलेलं असतं.

एक्स्टर्नल डब्यातून काढलेली मोठी डिस्क कॅबिनेटमध्ये लावली आणि ती फिरतच नाही, असंही होतं. नव्या साटा नियमांत पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की काही डिस्क स्वतःला बंद ठेवतात. जुन्या एसएमपीएसमध्ये त्या पिनवर वीज येतच असते. डिस्क चांगलीच असते, एसएमपीएसशी तिचं जुळत नाही इतकंच.

विंडोजमध्ये उघडताना

इथे एक चूक सगळ्यात महाग पडते: चुकीची डिस्क फॉरमॅट करणं. डेटा असलेली दुसरी डिस्क आत असेल, तर हे काम होईपर्यंत तिची केबल काढून ठेवा.

स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. नवी डिस्क इनिशिअलाइझ करायला विचारेल, तेव्हा ‘जीपीटी’ ही डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत निवडा. जुनी ‘एमबीआर’ निवडली तर दोन टीबीच्या पलीकडची जागा वापरता येत नाही. मग काळ्या पट्टीच्या ‘अनअलोकेटेड’ जागेवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या, फायली ठेवण्याची विंडोजची नेहमीची पद्धत, एनटीएफएस, ठेवा आणि ‘क्विक फॉरमॅट’ समोरची खूण काढून टाका.

दोन टीबीची डिस्क १८६३ जीबी दाखवते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने गुणते, विंडोज १०२४ ने भागतं आणि नाव तेच, जीबी, ठेवतं. एक टीबीचे ९३१ होतात, चार टीबीचे ३७२६.

तपासणी

क्विक फॉरमॅट नुसती अनुक्रमणिका कोरी करतो. पूर्ण फॉरमॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढे, डिस्कच्या प्रत्येक जागी शून्य लिहितो. आपल्याला हवी ती परीक्षा हीच. दोन टीबीला साडेतीन-चार तास, चार टीबीला सात-आठ तास लागतात. रात्री लावून झोपा, पण झोपेची सेटिंग आधी बंद करा, नाहीतर कॉम्प्युटरही झोपेल.

फॉरमॅटच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा, डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे नोंदवलेले आकडे दाखवणारा, फुकटचा प्रोग्रॅम चालवून पानाचा फोटो काढून ठेवा. त्यातले आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत असतात. तिथे ‘१०’ दिसलं तर ते सोळा असतं. ‘फंक्शन’, मग ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, मग ‘रॉ व्हॅल्यूज’मध्ये जाऊन दहाची पद्धत निवडली की घोळ संपतो.

फॉरमॅट झाल्यावर शंभर-दोनशे जीबीच्या फायली टाका, परत वाचा, आणि कंपनीच्या टूलमधून लांब चाचणी लावा. सीगेटचं सीटूल्स साध्या चाचण्यांसाठी इतर कंपन्यांच्या डिस्कवरही चालतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहा.

पाहायच्या ओळी मोजक्याच, ‘आयडी’च्या रकान्यावरून ओळखायच्या. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे डिस्कने राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे. नव्या डिस्कवर हा आकडा शून्यच हवा. एक जरी दिसला तरी वाद न घालता डिस्क बदलून घ्या. चार वर्षांच्या डिस्कवर आठ दिसले आणि सहा महिने आठच राहिले, तर घाबरायचं कारण नाही. आठाचे चोवीस आणि चोविसाचे शंभर होऊ लागले, की डिस्क निघाली.

सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेले सेक्टर. लिहिता लिहिता वीज गेली तरी हा आकडा वाढतो. त्या जागेवर पुन्हा लिहिलं की डिस्क निर्णय देते. पूर्ण फॉरमॅटनंतर सी५ शून्य झाला आणि ०५ हलला नाही, तर बिघाड डिस्कच्या पृष्ठभागाचा नव्हता. सी६ म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर. तो शून्याच्या वर असेल, तर आधी डेटा हलवा, चौकशी नंतर.

सी७ हा आकडा डिस्कचा नसून केबलचा असतो. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेत बिघडलेले निरोप इथे मोजले जातात. हा कधीच कमी होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो शून्य व्हायची वाट पाहू नका, वाढायचा थांबला का तेवढं पाहा. कॉपी मधेच गोठणं, डिस्क अचानक गायब होऊन परत येणं, ही लक्षणं आणि वाढता सी७ एकत्र दिसले, तर पाऊणशे-शंभर रुपयांच्या केबलने काम होतं. नवी डिस्क घ्यायची गरज नसते.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींचे आकडे पाहून पुष्कळ जण हादरतात. त्या आकड्यात चुकांसोबत एकूण कामांची मोजणीही कोंबलेली असते. सोडून द्या.

सी१ मात्र काही डिस्कवर मोजावा. वीज वाचवणाऱ्या डिस्क काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवतात, त्या फेऱ्या इथे मोजल्या जातात. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ‘ग्रीन’ तर आठ सेकंदांतच हे करत, आणि त्यांची क्षमता अशा तीन लाख फेऱ्यांची धरलेली होती. तासाला ४० फेऱ्या आणि रोज आठ तास वापर, तर वर्षाला सुमारे एक लाख सतरा हजार होतात. अडीच वर्षांत हिशेब संपतो.

एवढं सगळं ठीक दिसलं तरी बॅकअपला सुट्टी नाही. हजारो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये आपले आकडे मांडले. बंद पडलेल्या डिस्कपैकी जवळजवळ पाव डिस्कनी त्या कंपनीच्या लक्षातल्या पाचही मोजमापांत आधी काहीच इशारा दिलेला नव्हता.

उन्हाळा, पाऊस आणि वीज

कंपन्या साधारण ६० अंशांपर्यंतची परवानगी देतात, पण ४५ च्या खाली ठेवणं बरं. पंख्याशिवाय कोंबलेली डिस्क खोलीपेक्षा १०-१५ अंशांनी सहज वर जाते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० वर असेल, तर बाकीची बेरीज करायला नको. समोरून हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा डिस्कच्या पिंजऱ्यासमोर लावा. दोन डिस्क असतील तर मध्ये एक खण रिकामा सोडा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. एसी गाडीतून किंवा दुकानातून आणलेली थंड डिस्क दमट खोलीत लगेच उघडू नका. बंद पिशवीतच दोन-तीन तास राहू द्या, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

वीज अचानक गेली तर फिरत्या तबकड्यांच्याच जोरावर डिस्क हेड सुखरूप बाजूला नेते. तिथवर ठीक. पण लिहायला घेतलेला आणि अजून तबकडीवर न पोचलेला डेटा जातोच. ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटं देतो की पाच, हे त्यावर आणखी काय जोडलंय त्यावर अवलंबून असतं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका.

टकटक आली तर

सुरू होताना एक-दोन हलके आवाज साधे असतात. ठरावीक लयीत टक, टक, टक, आणि मग डिस्क फिरायची थांबते, हे वेगळं. लगेच बंद करा. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघू, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघू, असं करताना दर मिनिटाला तबकडी खरवडली जाऊ शकते. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय आत दव धरवतो. तशाच मॉडेलचं सर्किट काढून बसवण्याचा उपायही आताच्या डिस्कवर सहसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी त्या सर्किटवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. डेटा मोलाचा असेल तर डिस्क न उघडता रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डबल क्लिक केल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारत असेल, तर ‘कॅन्सल’ दाबा. फाइलींची अनुक्रमणिका बिघडलेली असते, फाइली बहुधा जागच्या जागी असतात.

वॉरंटीत पाठवताना एवढं धरून चाला की कंपनी डिस्क बदलून देते, डेटा नाही, आणि बदली येणारी डिस्क बऱ्याचदा दुरुस्त करून तपासलेली असते. ती आली की वरची सगळी तपासणी तिचीही करा. डिस्क चालू असेल तर पाठवण्याआधी पूर्ण फॉरमॅट मारा. अँटिस्टॅटिक पिशवी, सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम, टणक खोकं आणि बिलाची प्रत. वर्तमानपत्राचे बोळे भरू नका, कुरिअरच्या पहिल्याच आपटीत ते दबतात आणि डिस्क खोक्यात खुळखुळायला लागते.