‘मजेत आहे’ म्हणणाऱ्या आईला फोन करताना

बाबा आषाढात गेले. तेव्हापासून दिवाळीपर्यंत मी रोज रात्री साडेआठला पुण्याहून कराडला आईला फोन करत होते. “कशी आहेस?” “मजेत.” “जेवलीस?” “हो, मगाशीच झालं.” पाच मिनिटांत फोन ठेवायचा आणि मी निर्धास्त. दिवाळीला घरी गेले, ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, तर आत जाळ्या धरलेल्या. दळण तेराव्याच्या वेळी आत्याने आणलेलं. आई इतके दिवस चहा-टोस्टवर आणि कधीमधी खिचडीवर राहिली होती.

तुमच्याही घरी असं कुणी मागे एकटं राहिलं असेल, तर त्यांच्या बोलण्यात काय बदललंय ते आधी बघा. बाबा होते तेव्हा आई फोनवर नुसती कुरकुरायची. गुडघा, नळाचं पाणी, बाबांचं चोरून गोड खाणं. ‘मजेत’ हा तिचा शब्दच नव्हता. तक्रारी बंद झाल्या म्हणून मला हायसं वाटलं होतं, आणि चुकले ते तिथेच.

‘कशी आहेस’चं उत्तर आपल्याकडे ठरलेलं असतं. बरं आहे, चाललंय, देवाची कृपा. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून आई ते देते. म्हणून तेवढ्यावर थांबू नका, बारीकसारीक विचारा. आज भाजी कोणती केलीस? दळण कधी आणलंस? रात्री जाग आली तेव्हा किती वाजले होते? शेजारच्या काकू शेवटच्या कधी येऊन बसल्या? भाजीचं नाव सांगताना आई अडखळली, की मला कळतं, आज चूल पेटलेली नाही.

खरं उत्तर आलं, की गप्प राहायचं. मला हे फार जड गेलं. ‘रडू नकोस’, ‘सावर आता’, ‘देवाच्या मनात होतं’ हे तिने तेराव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडून ऐकलेलं असतं. ते पुन्हा ऐकलं की ती लगेच ‘मजेत’ होते. उलट बाबांचा विषय आपणच काढावा. तिला वाईट वाटेल म्हणून मी तो टाळत होते, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती.

जमेल तेव्हा प्रत्यक्ष जा, आणि दोघींच्या हाताला काम असू द्या. समोरासमोर बसून विचारलं की माणूस पुन्हा ठरलेलंच बोलतो. आई पहिल्यांदा मोकळी झाली ती मेथी निवडताना, माझ्याकडे न बघता. म्हणाली, “एका माणसासाठी परात घ्यायला हात धजत नाही गं.”

शोकाला मुदत नसते. पण झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही असं सलग दोन आठवडे दिसलं, तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. ‘आता जगून काय करायचंय’ असं बोलणं कानावर आलं, तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. घरच्यांनाही तिथे बोलता येतं.

आता मी फोन साडेसातला करते, तिच्या भाकरीच्या वेळेला, आणि ती तो स्पीकरवर ठेवते. थापल्याचा आवाज येत राहतो. दोन भाकऱ्या होतात, एक रात्रीची, एक सकाळी दुधात कुस्करायला. परवा आवाज मध्येच थांबला. “आज काही बरं वाटत नाहीये,” म्हणाली. मी माझा गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसले.