चंदन लावताय? आधी त्याचा शेजार लावा

तेल्या रोगानं डाळिंब गेलं, बाग काढली आणि सांगोल्याच्या आमच्या मुरमाड रानात मी २०१६ च्या जुलैत एकरभर चंदन लावलं. बारा बाय बारा फुटांवर ३०० रोपं. पुढच्या वैशाखापर्यंत त्यातली १८० वाळून गेली. नवीन लावणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा मला तोच वैशाख आठवतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचलं की मूळ कुजतं, ठिबक लागतं, हे तुम्हाला माहीत असणारच. चंदन अर्धपरजीवी आहे, म्हणजे शेजारच्या झाडाच्या मुळातून पाणी आणि अन्नद्रव्यं घेतं, हेही वाचलं असेल. मीही वाचलं होतं. पण वाचलेलं रानात कसं दिसतं ते कळलं नव्हतं.

रोपवाटिकेतून रोप येतं तेव्हा पिशवीत सोबत एक छोटं झुडूप असतं. त्याच्या जोरावर रोप काही महिने हिरवंगार राहतं. शेजारी तूर लावा असं सांगितलं होतं, तीही लावली. जानेवारीत तूर काढणीला आली आणि मी नेहमीसारखी कापून रान मोकळं केलं. माझा घात तिथं झाला. तूर हा चंदनाचा पहिल्या वर्षाचा आधार. ती गेल्यावर कुणाच्या मुळाला धरायचं, याची सोय मी केलीच नव्हती. मार्चमध्ये पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून विद्राव्य खतं सोडली, पाणी वाढवलं. एप्रिलमध्ये शेंडे वाळायला लागले.

तेव्हा वडील बांधावर बसून म्हणाले, “चंदन कधी मोकळ्या रानात एकटं उगवलेलं बघितलंस का? ते कुपाटीतच असतं.” खरंच आहे. पाखरं बी टाकतात आणि काटेरी कुंपणातल्या बोरी-घाणेरीच्या गर्दीत चंदन वाढतं. आमच्याही बांधालगतची ओळ जिवंत होती, कारण बांधावर जुनी करंजं होती. त्यातल्या एका रोपाभोवती मी खुरप्यानं हळूहळू माती काढली. चंदनाचं बारीक मूळ करंजाच्या मुळाला जिथं भिडलं होतं, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरट गाठ होती, शर्टाच्या बटणासारखी घट्ट बसलेली. पाणी, नत्र, स्फुरद त्या गाठीतून येतं. वाळलेल्या रोपांच्या मुळांजवळ करंजाच्या मुळाचा मागमूस नव्हता.

म्हणून सांगतो, तूर रोपापासून फूटभर अंतरावर लावा, पण त्याच दिवशी, त्याच खड्ड्यांच्या रांगेत, चार-पाच फुटांवर कायमचं झाडही लावा. सुरूचं झाड, करंज, मिलिया डुबिया (मलबार कडुनिंब), यांपैकी काहीही. “पुढच्या वर्षी लावू” म्हणालात की हुकलात. तूर कापली तरी मूळ उपटू नका. शेजारचं झाड डोक्यावर जाऊन सावली करायला लागलं तर छाटा, तोडू मात्र नका.

घाबरू नका. २०१८ मध्ये मी वाळलेल्यांच्या जागी नवी रोपं लावून तुटाळ भरून काढली, मध्ये सुरूची झाडं घातली, आणि ती चंदनाची झाडं आज माझ्या दुप्पट उंच आहेत.

आता पैशाचं. एका झाडाचे इतके लाख, असा तक्ता दाखवून रोपं विकणाऱ्यापासून लांब राहा. परत खरेदीची हमी कागदावर दिली तरीही. गाभा, म्हणजे आतलं सुगंधी लाकूड, धरायलाच दहाएक वर्षं लागतात, काढणीला पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त. ज्यानं स्वतः एकही झाड मुळासकट काढून विकलेलं नाही, त्याला मार्गदर्शनाचे पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. मीही अजून विकलेलं नाही, म्हणून भावाबद्दल मी बोलत नाही. शिकायचंच असेल तर बंगळूरच्या काष्ठ विज्ञान संस्थेचं प्रशिक्षण करा, आणि गावातल्या मेंढक्याला सोबत घेऊन एक दिवस माळ फिरा. मला तो दिवस जास्त उपयोगी पडला.

ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी ॲपवर) झाडांची नोंद पहिल्या वर्षापासून करा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चंदन आहे, त्यामुळे स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. नोंद नसेल तर ऐनवेळी धावपळ होते. चोरीची भीती खरी आहे. गाभा धरला की रात्री करवत घेऊन येतात. रान घरापासून लांब असेल आणि राखण करणारं कुणी नसेल, तर स्पष्ट सांगतो, लावू नका.

बाकीच्यांनी रोपांचा ॲडव्हान्स देण्याआधी एवढं करा. जवळच्या कुपाटीत चंदनाचं गुडघाभर रोप शोधा, मुळाशी बोटानं माती सारा, ती गाठ चाचपून बघा, आणि माती परत नीट लावून या.