मेजर ठरलं नसेल तर विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या दोन-तीन स्टेट युनिव्हर्सिटींची प्रवेशपत्रं हातात आहेत. सगळी मोठी, सगळी सरकारी, फीमध्ये उन्नीस-बीसचा फरक. अर्जात मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, रकान्यात ‘अनडिक्लेअर्ड’ (अजून न ठरलेलं) लिहिलेलं. विद्यापीठ निवडून कळवण्याची १ मेची मुदत जवळ येते तसा घरात एकच सूर लागतो: सगळी सारखीच तर आहेत, रँकिंगला वर असेल ती घेऊन टाकू.

विषय पक्का असलेल्या मुलासाठी ती सारखी असतीलही. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी मात्र नाहीत, कारण त्याला विद्यापीठाकडून एक जास्तीची गोष्ट हवी असते. मन बदललं तर ते स्वस्तात बदलता यायला हवं, आणि नेमकी हीच गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नसते.

‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे सगळी दारं उघडी, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एकच शब्द, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा. पेन स्टेटमध्ये अशा मुलांसाठी डिव्हिजन ऑफ अंडरग्रॅज्युएट स्टडीज आहे, पर्ड्यूमध्ये एक्सप्लोरेटरी स्टडीज, इलिनॉय अर्बाना-शँपेनमध्येही असाच वेगळा विभाग. तिथले ऍडव्हायजर न ठरलेल्या मुलांचंच काम बघतात, हे चांगलंच आहे. पण तिथून पुढे इतिहासात किंवा मानसशास्त्रात जाणं वेगळं आणि कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, नर्सिंग किंवा बिझनेसमध्ये शिरणं वेगळं. या विषयांच्या जागा मोजक्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या पहिल्याच फेरीत भरतात.

नियम बदलतात ते वेगळंच. बर्कलीमध्ये लेटर्स अँड सायन्स या शाखेतल्या मुलाला पूर्वी ठरावीक कोर्सेसमध्ये ३.३ जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) आणला की कॉम्प्युटर सायन्स जाहीर करता येत असे. २०२३ पासून त्या मेजरची निवड प्रवेशाच्या वेळीच होऊ लागली. टेक्सस ए अँड एममध्ये इंजिनिअरिंगची बहुतेक मुलं आधी ‘जनरल’मध्ये येतात आणि शाखा पहिल्या वर्षानंतर मिळते. पहिली पसंती हमखास मिळण्याची अट आधी ३.५ जीपीएची होती, ती ३.७५ झाली. वॉशिंग्टन विद्यापीठात तर ‘इंजिनिअरिंग अनडिक्लेअर्ड’ नावाचा वेगळा गट आहे, आणि साधं अनडिक्लेअर्ड असणं म्हणजे त्या गटात असणं नव्हे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या चुलतभावाचा सल्ला फार जपून घ्यावा.

म्हणून प्रश्न विचारायचा तो हव्या त्या विषयाच्या विभागाला. प्रवेश कार्यालयाचं काम तुम्हाला आत आणण्याचं, त्यामुळे तिथून ‘इट्स पॉसिबल’ असं गोड उत्तर येतं. विभागाला सरळ विचारा: गेल्या वर्षी आतल्या आत बदल मागणारे किती होते आणि त्यातले किती घेतले? किमान जीपीए विचारून थांबू नका, घेतलेल्या मुलांचा जीपीए साधारण किती होता तेही विचारा. संकेतस्थळावर किमान ३.० लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ३.७ च्या खाली कुणी आत जात नाही, असं होऊ शकतं.

‘आधी सोप्या मेजरमधून आत शिरू, मग बदलू’ हा बेतही याच जातीचा. काही ठिकाणी तो चालतो, पण विभागाकडून उत्तर मिळाल्याशिवाय त्यावर चार वर्षांचा पैसा लावू नये.

एकच रँक बघणं

विद्यापीठांना क्रमांक देणाऱ्या यू.एस. न्यूजच्या राष्ट्रीय यादीत २० टक्के वजन इतर विद्यापीठांच्या प्रमुखांनी दिलेल्या मताला असतं. अडतिसावं आणि सेहेचाळिसावं यांत तुमच्या मुलाच्या वर्गात काय फरक पडेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यापेक्षा अर्धवट आवडणारे तीन विषय कागदावर लिहा आणि तिन्ही प्रत्येक विद्यापीठात कसे आहेत ते बघा. बहुतेक विद्यापीठं कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘जे’ विभागात कोणत्या क्षेत्रात किती टक्के पदव्या दिल्या ते असतं, ‘आय’ विभागात वर्गांचे आकार असतात. एखाद्या ठिकाणी निम्मं कॉलेज दोनच क्षेत्रांत पदवी घेत असेल, तर बाकी विषयांचे कोर्स किती वेळा आणि किती तुकड्यांत चालतात ते तपासून बघावं. रटाळ काम आहे, पण एका संध्याकाळीत होतं.

क्वार्टर की सेमिस्टर, हे न बघणं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी शिक्षणाच्या नऊ कॅम्पसना अर्ज एकच असतो, म्हणून ती एकाच साच्यातली वाटतात. त्यांतली बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात, बाकीची सात क्वार्टरवर. क्वार्टर साधारण दहा आठवड्यांचं. वर्षात तीन वेळा नवे कोर्स घेता येतात, त्यामुळे विषय चाखून बघायला ते बरं. पण जुळवून घ्यायला वेळ लागणाऱ्या मुलाची त्यात दमछाक होते, कारण रुळेपर्यंत मिडटर्म येऊन ठेपते. सॅन डिएगोमध्ये आणखी एक मेख आहे. तिथे आठ अंतर्गत कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाचे सक्तीचे सामान्य विषय वेगळे. हे विषय जितके जास्त आणि ठरलेले, तितकी चाखायला जागा कमी.

खर्च चारच वर्षांचा धरणं

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०११-१२ मध्ये कॉलेज सुरू केलेल्या मुलांचा मागोवा घेतला. पदवीसाठी मेजर जाहीर केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी तीन वर्षांच्या आत ते बदललं. गणितवाल्यांत तर निम्म्याहून जास्त. म्हणजे ठरवून गेलेलेही बदलतात, न ठरलेल्याने तर धरूनच चालावं. उशिरा बदललं की एखादं सेमिस्टर वाढतं, आणि राज्याबाहेरच्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला ते पूर्ण दराने पडतं. शिवाय इलिनॉयसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगची फी इतर शाखांपेक्षा जास्त आहे. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बघताना ते चार वर्षांचं आहे की सहा, हे आधी वाचा. मोठ्या अक्षरात बहुधा सहाचं असतं.

आत गेल्यावर गाडी अडली तर

पहिलं सेमिस्टर संपत आलं आणि अजून काही ठरत नाही, हे बिघडल्याचं लक्षण नाही. फक्त गणिताचा कोर्स नीट निवडा. ‘बिझनेस कॅल्क्युलस’ हलका वाटतो, पण इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राकडे वळायचं झालं तर बहुधा चालत नाही आणि एक टर्म वाया जाते. शंका असेल तर वरचा कॅल्क्युलस घ्या आणि जोडीचे कोर्स हलके ठेवा. पहिल्या वर्षाचा जीपीए पडला की वर काढायला फार वेळ लागतो.

हव्या त्या मेजरचं दार बंद झालंच, तर लगेच विद्यापीठ बदलायला निघू नका. आधी शेजारची दारं ठोठावून बघा. कॉम्प्युटर सायन्सऐवजी स्टॅटिस्टिक्स, इन्फर्मॅटिक्स, कॉग्निटिव्ह सायन्स किंवा भाषाशास्त्र यांतही प्रोग्रॅमिंग भरपूर असू शकतं. त्यातले कोणते कोर्स बाहेरच्या मेजरवाल्यांना खुले आहेत आणि नोंदणीत त्यांचा नंबर कितवा लागतो, ते रजिस्ट्रारच्या पानावर मिळतं. तरीही निघायचंच असेल, तर आतापर्यंतच्या कोर्सेसची क्रेडिट्स (त्यांचे पदवीसाठी मोजले जाणारे गुणांक) कुठे धरली जातात ते आधी बघा. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी ‘असिस्ट’ हे संकेतस्थळ आहे, फ्लोरिडात सरकारी कॉलेजांच्या कोर्सेसना राज्यभर समान क्रमांक आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना मात्र प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम जपून ठेवावा लागतो. तो पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण दोन वर्षांनी जुना अभ्यासक्रम मागायला गेलं की तो मिळवता मिळवता नाकी नऊ येतात.