हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाताय? आधी खुरपं भरा

थंडी पडायला लागली की दर ग्रुपवर "हरिश्चंद्रगड, एक मुक्काम, कोण कोण येतंय" सुरू होतं, म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय. टॉर्च, शिट्टी, फर्स्ट एड, पाण्याच्या बाटल्या हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पहिली वस्तू खुरपं. कुंड्यांसाठी घरात असतं ते छोटं, बाकी काही खास नको. गेल्या वेळी आमच्या ग्रुपमध्ये स्टोव्ह होते, स्पीकरसुद्धा होता, खुरपं कुणाकडेच नव्हतं. सकाळी शौचासाठी खड्डा करायचा म्हणून दगडाने माती उकरायला गेलो तर चार बोटं खोल गेल्यावर खाली कातळ लागला आणि दगड नुसता खणखण वाजायला लागला. पुढचं सांगत नाही.

गडाचा माथा म्हणजे काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. वर काहीही उघडं टाकलं की पहिल्या पावसात ते वाहून खाली येतं, आणि खाली असतात कातळात खोदलेली पाण्याची टाकी. त्याच टाक्यांचं पाणी तुम्ही चहाला वापरता, आणि तुम्ही रविवारी घरी जाता पण वर पिठलं-भाकरीची झोपडी चालवणारी गावातली माणसं तेच पाणी रोज पितात. दर शनिवारी वर किती लोक असतात ते बघा आणि मग विचार करा. तेव्हा खुरपं, माणशी एक नाही तरी तीन-चार जणांत एक तरी, आणि सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात, पहाटे अंधारात हाताला लागलं पाहिजे.

वापरायचं कसं तेही सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. वर पोचल्या पोचल्या, उजेड आहे तोवर, तंबू लावायच्या आधी जागा शोधून ठेवा. पाणी, वाट आणि मुक्काम तिन्हीपासून शंभर पावलं तरी लांब. झाडीत पालापाचोळा कुजून माती झालेली असते तिथे खुरपं जातं, उघड्या पठारावर जात नाही. खड्डा वीतभर खोल, त्याहून खोल नको, कारण कुजवणारे किडे-जंतू वरच्या मातीतच असतात. नंतर माती लोटून वर दगड ठेवायचा. टिश्यू, वेट वाइप्स, पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत, जनावरं उकरून काढतात आणि वाइप्समध्ये बहुतेक वेळा प्लास्टिक असतं, ते कुजत नाही. त्यासाठी झिपवाली वेगळी पिशवी, तिला बाहेरून काळी पिशवी, आणि ती खाली आणायची. किळस वाटत असेल तर पायथ्याच्या पाचनई गावात ज्यांच्याकडे जेवणार आहात त्यांच्याकडे विचारून सगळं उरकून मगच वर चढा. तरी खुरपं न्याच.

आता वाट. पहिल्यांदा जाताय आणि पाठीवर मुक्कामाचं ओझं आहे तर पाचनईने जा, राजूरहून पाचनईला येता येतं आणि चढ सगळ्यात सोपा आहे. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट सुंदर आहे, माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला एसटीतून उतरून धरणाच्या कडेने चालत जाता येतं, स्वस्तात पडतं, पण खिंडीच्या वर कातळटप्पा आहे, रेलिंग आहेत तरी सॅक घेऊन वेळ लागतो, आणि वर पठारावर एकामागून एक टेकाडं आणि जंगल सगळं सारखंच दिसतं, रात्री तिथे लोक हमखास चुकतात. ही वाट दिवसाच करा. नळीच्या वाटेचा विचारसुद्धा या यादीत करू नका, ती दोर आणि अनुभव असणाऱ्यांची आहे.

गड कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. म्हणजे तुम्ही मोकळ्या माळावर जात नाही आहात, वन खात्याच्या हद्दीत जाताय. प्रवेश शुल्क भरा, पावती घ्या, आणि तंबू कुठे लावायला परवानगी आहे, विशेषतः कोकणकड्याजवळ, म्हणजे गडाच्या त्या सरळ तुटलेल्या कड्याजवळ, ते त्याच वेळी विचारा. मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर जाऊ नका, नियम बदलत असतात. नको म्हणाले तर नको, हुज्जत घालू नका.

राहायचं स्वस्तात तर खरं म्हणजे तंबू विकत घ्यायची गरजच नाही. वर गावकऱ्यांकडे भाड्याने तंबू मिळतात, जेवण मिळतं, पाचनईत घरीही सोय होते. आधी फोन करा, माणसं किती ते नक्की सांगा, आणि ऐनवेळी निम्मे गळाले तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या, त्यांनी पीठ, भाजी, गॅस सगळं डोक्यावरून वर नेलेलं असतं. दोन-तीनशेसाठी घासाघीस करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. रोख पैसे न्या, सुटे, रेंज नसते तिथे स्कॅन कसला करणार. देवळाजवळच्या गुहांमध्ये लोक झोपतात, जागा असेल तर ठीक, पण आत चूल मांडू नका, छत काळं पडतं ते पुन्हा निघत नाही. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातली पिंड आणि चारातला उरलेला एकच खांब बघायला जाल, तिथे साबण, भांडी, पाय धुणं काहीही नाही. पुष्करणीतही नाही. भांडी टाक्यापासून लांब नेऊन बाटलीतल्या पाण्याने धुवायची, खरकटं पिशवीत.

झोपायला खाली मॅट पाहिजे, स्लीपिंग बॅग भारी आहे म्हणून मॅट टाळू नका, डिसेंबरात थंडी खालून कातळातून चढते आणि रात्रभर कूस बदलत बसाल. कानटोपी, कोरडे मोजे झोपण्यासाठी वेगळे. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो आणि रात्री अचानक सुटतो, तंबू कड्यापासून चांगला मागे लावा, मेखा जात नाहीत तिथे दगडांना दोरी बांधा. कडा बघायचा तर आडवं पडून, सेल्फी नाही. अंधारात कुणीही एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही, खुरपं घेऊन जाणाऱ्यानेसुद्धा, आणि कड्याच्या बाजूला तर नाहीच, म्हणून म्हणतोय जागा उजेडातच बघून ठेवा.

शेकोटी नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून कडकडीत असतं, एक ठिणगी वाऱ्याने उडाली की अख्खा उतार पेटतो. वन्यजीव कायद्यात अभयारण्यात धोका होईल असा जाळ करायला बंदीच आहे, १९७२ पासून. थंडी वाजते तर जास्तीचं जाकीट आणा. स्पीकर घरी. डिओ, परफ्यूमही नको, कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने, धुराने उठतात. माशा उठल्या तर हात झाडू नका, तोंड-मान झाकून तिथून लांब निघून जा.

खाण्याच्या पिशव्या बंद ठेवा, माकडं तंबू फाडतात. पाणी उकळून प्या.

उतरताना कचरा मोजून घ्या, वेफरच्या पाकिटाचा फाडलेला कोपरासुद्धा, आणि कचरा गावात कुणाच्या दारात ठेवायचा नाही, त्यांच्याकडे घंटागाडी येत नाही, तो शहरापर्यंत तुमचाच. काळी पिशवीही. खुरपं धुवून पुसून सॅकमध्येच राहू द्या, घरी गेल्यावर बाहेर काढलं की पुढच्या वेळी राहतंच. गुडघे जपत उतरा, पाचनईत जेवा. परतीची एसटी किती वाजता ते जातानाच ड्रायव्हर-कंडक्टरला विचारून ठेवा, चुकली तर राजूरपर्यंत जीपवाला सांगेल ते भाडं.