कॅलिफोर्नियात धंद्याच्या सामानावरचा मालमत्ता कर: किंमत कशी ठरते आणि फॉर्म कसा भरायचा

मुंबईत मालमत्ता कर लावताना इमारतीतल्या यंत्रांची किंमत धरत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियात हॉटेल किंवा दवाखाना थाटलेला आपला माणूस काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) ५७१-एल फॉर्म, धंद्यातल्या सामानाचं विवरणपत्र, हातात पडला की चक्रावतो. इथे ओव्हन, फ्रीज, खुर्च्या, कॉम्प्युटर या सगळ्यावर दरवर्षी कर असतो.

आधी यादी घेऊन जागेत स्वतः फिरा. १ जानेवारीला जे तिथे होतं, तेवढंच मोजायचं. माझ्या ओळखीच्या एका उपाहारगृहात इडली-डोशाचा जुना ग्राइंडर भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती. यादीतून त्याला कुणी काढलंच नव्हतं, आणि कर मात्र दरसाल जात होता. गेलेली वस्तू तारखेसह खोडा.

मग प्रत्येक वस्तूची मूळ किंमत खरेदीच्या वर्षाप्रमाणे मांडा. सेल्स टॅक्स, वाहतूक आणि बसवण्याचा खर्चही त्यात धरा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इन्कम टॅक्ससाठी पूर्ण घसारा घेतला, वहीत किंमत शून्य झाली, म्हणून लोक ती वस्तू दाखवतच नाहीत. असेसरचा, म्हणजे करासाठी किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याचा, हिशेब वेगळा असतो. तो मूळ किमतीला आधी भाववाढीच्या निर्देशांकाने गुणतो, मग वयोमानाप्रमाणे उरलेल्या टक्क्यांनी. समजा, २०,००० डॉलरचा ओव्हन आहे, निर्देशांक १.२० आणि उरलेले टक्के ५५. तर किंमत झाली १३,२००, आणि १ टक्क्याच्या मूळ दराने कर १३२ डॉलर. स्थानिक आकार त्यावर वेगळे. घरांच्या किमतीला असलेली वर्षाला २ टक्के वाढीची मर्यादा या सामानाला लागू नाही.

विक्रीसाठी ठेवलेला माल यात येत नाही. साफसफाईचं सामान, स्टेशनरी मात्र येते. भाड्याने आणलेली यंत्रं मालकाच्या नावासह वेगळी दाखवा.

सामानाची मूळ किंमत १ लाख डॉलर किंवा जास्त असेल, अथवा असेसरने मागितलं असेल, तर फॉर्म भरावाच लागतो. मुदत १ एप्रिल. ७ मेनंतर १० टक्के दंड लागतो, तेव्हा आकडे अपुरे वाटले तरी फॉर्म वेळेत द्याच.

किंमत अवाच्या सवा वाटली तर आधी असेसरशी बोला. तशाच जुन्या ओव्हनचा लिलावातला भाव, विक्रेत्याचं कोटेशन असं काहीतरी हातात असू द्या. तरीही जमलं नाही तर २ जुलैपासून अपील करता येतं. शेवटची तारीख काउंटीप्रमाणे १५ सप्टेंबर किंवा ३० नोव्हेंबर असते. अपील चालू असलं तरी बिल मुदतीत भरा.