मारुती ८००चं इंजिन घरी कसं बांधावं

गोव्यात डिचोली, पेडणे, फोंडा, कुठल्याही गावात दोन-चार घरांच्या दारात अजून मारुती ८०० उभी असते. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ मध्ये कारखान्यातून यायची बंद झाली. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही होतं, म्हणून सुटे भाग आजही सहज मिळतात. व्हॉल्व्ह उघडणारा एक कॅम, सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, क्रँकवरून कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट आणि जुन्या मॉडेलला साधा कार्बोरेटर. घरी हात घालायला याहून सोपं चारचाकी इंजिन शोधून सापडणार नाही. पुढचं सगळं या कार्बोरेटरवाल्या इंजिनाबद्दल आहे.

इंजिन बांधायचं म्हणजे ते खोलून, झिजलेलं बदलून पुन्हा जोडायचं. पण सगळंच घरी करायचं, असं नाही. बोअर (सिलिंडरचं भोक मापात कापणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून मापात आणणं) आणि हेडचं फेसिंग (त्याची खालची बाजू सपाट करणं) लेथवाल्याकडेच होणार. आपल्या वाट्याला खोलणं, मोजणं, धुणं आणि जोडणं येतं. इंजिन लाखभर किलोमीटर चालणार की वर्षभरात पुन्हा धूर काढणार, हे बहुतेक वेळा मोजण्यात आणि धुण्यात ठरतं. घाई नसलेला माणूस ही दोन कामं गर्दीतल्या गॅरेजपेक्षा चांगली करू शकतो.

आधी निदान

धूर दिसला की लगेच इंजिन उतरवायला जाऊ नका. सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा उतारावर गिअरमध्ये पाय सोडून आल्यावर निळा धूर दिसत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या. ते काम हेड काढूनच होतं, इंजिन उतरवावं लागत नाही. चढावर दाबल्यावर निळा धूर येत असेल तर रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि बोअर. पांढरा दाट धूर आणि कूलंट कमी होणं म्हणजे हेड गॅस्केट किंवा वाकलेलं हेड.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने तपासा. इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलचं कनेक्शन सोडवलेलं आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवा. एकमेकांत किलोभराहून (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल तर काहीतरी गेलं आहे. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

गोव्यापुरती एक सूचना. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की लोक घाबरतात. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही, आत पाणी सुटतं आणि झाकणाला तसा थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर गॅस्केटला दोष देऊ नका.

हंगाम आणि जागा

दसऱ्यानंतर सुरुवात करा आणि एप्रिलअखेर इंजिन गाडीत बसेल असा बेत ठेवा. जूनमध्ये उघडा ब्लॉक पडवीत राहिला तर बोअरला गंज धरणारच. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गाडी हवी म्हणून जुलैत काम काढणारे बरेच असतात. त्यांना माझा सल्ला एकच, भाड्याची गाडी घ्या.

खाली काँक्रीट किंवा फरशी हवी. मातीवर किंवा नुसत्या चिऱ्यावर जॅक स्टँड रुततो. जुन्या घराच्या वाशाला चेन ब्लॉक अडकवायचा मोह होईल, पण वाळवीने आतून खाल्लेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो. लोखंडी तिकाटणं किंवा इंजिन क्रेन भाड्याने आणा. जवळ चिरेखाण, खनिजाची वाहतूक किंवा लाल मातीचा रस्ता असेल तर काम चालू असताना त्या बाजूची दारं-खिडक्या बंद ठेवा. ती तांबडी धूळ बेअरिंगला पॉलिश पेपरसारखी घासते.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, फीलर गेज (फटी मोजायच्या पातळ पट्ट्या), रिंग कंप्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंग कंप्रेसर आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच कसणारा पाना) लागेल. बाकीचं सगळं उसनं चालेल, टॉर्क रेंच मात्र चांगल्या प्रतीचा घ्या. आणि गाडीच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. टॉर्कचे आणि अंतरांचे आकडे तिथलेच धरायचे, शेजारच्या मिस्त्रीच्या आठवणीतले नाही.

उतरवणं आणि खोलणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पेट्रोलची लाइन मोकळ्या हवेत रिकामी करा. एसी असेल तर गॅस स्वतः सोडू नका, एसीवाल्याकडून काढून घ्या. जुनं ऑइल आणि कूलंट डब्यांत भरून ठेवा. आपल्याकडे विहीर घरापासून चार पावलांवर असते, तेव्हा परसात ओतलेलं ऑइल कुठे जाईल हे सांगायला नको. वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला ते द्या.

प्रत्येक वायर आणि पाइप काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा आणि टोकाला चिकटपट्टी लावून आकडा लिहा. व्हॅक्यूमचे बारीक पाइप फसवे असतात, त्यांचे दोन फोटो काढा. बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

टायमिंग बेल्ट काढण्यापूर्वी पुलीवरच्या खुणा जुळवून घ्या. बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक उगाच फिरवू नका. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप एकमेकांत बदलत नाहीत. सुटण्याआधी प्रत्येकीवर सिलिंडरचा आकडा आणि पुढची दिशा खूण करून ठेवा. बोअरच्या वरच्या टोकाला कडा जाणवत असेल तर ती आधी घासून काढा, नाहीतर पिस्टन वर ढकलताना रिंग अडकते आणि पिस्टनची खाच तुटते.

मोजणी, मगच खरेदी

मूळ बोअर ६८.५ मिमी आणि स्ट्रोक ७२ मिमी. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दर ठिकाणी दोन दिशांनी मोजा. गेज नसेल तर लेथवाला मोजून देईल, मात्र मापं कागदावर लिहून मागा. झीज मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर नुसतं होनिंग (दगडाने बोअर हलकं घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. बाहेर असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढं मोठं बोअर आणि पिस्टन.

क्रम असा ठेवा: आधी पिस्टन विकत घ्या, ते लेथवाल्याच्या हातात द्या, आणि त्या पिस्टनच्या मापाला बोअर करून घ्या. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरलात तर क्लिअरन्स (दोघांतली फट) नशिबावर जातो. आधी मोजायचं हा नियम क्रँकलाही लागू आहे. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) घासून अंडरसाइज बेअरिंग बसवायचं की मूळ मापाचं, हे मायक्रोमीटर सांगेल. बोअरिंग करणारी दुकानं म्हापसा, फोंडा, मडगाव इथे आहेत. क्रँकचं काम काही जण चोर्ला घाट चढून बेळगावला नेतात, कारण तिथे फाउंड्री आणि मशीनकामाची जुनी परंपरा आहे.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज घालून बघा. अॅल्युमिनियमचं हेड एकदा जरी गाडी उकळली असेल तरी वाकलेलं असू शकतं. फेसिंग गरजेपुरतंच करून घ्या. व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर घासून बसवणं, घरी करता येतं. पेस्ट लावून फिरवत राहा, सीटवर राखाडी, अखंड वर्तुळ दिसेपर्यंत. मग पेस्टचा कणही न ठेवता धुवा, व्हॉल्व्ह बसवा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओता. थोड्या वेळाने खालून ओल दिसली तर पुन्हा लॅपिंग. व्हॉल्व्ह सील जुने कधीच परत घालू नका.

धुणं

लोक चुकतात ते इथे. होनिंगनंतर बोअरच्या तिरक्या रेघांत दगडाची बारीक पूड अडकते. पेट्रोलने किंवा डिझेलने पुसलं तर ती रेघांत अजून खोल बसते. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश हाच उपाय. पांढऱ्या सुती फडक्याने बोअर पुसा. फडकं करडं निघालं तर पुन्हा धुवा. अगदी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. ब्लॉकमधले आणि क्रँकमधले ऑइलचे मार्गही बारीक ब्रशने साफ करून कॉम्प्रेसरची हवा मारा.

आणि शेवटचं फडकं फिरलं की त्याच मिनिटाला बोअरला ऑइल लावा. घाटावरच्या कोरड्या हवेत तासभर चालून जातं. किनाऱ्याजवळच्या खारट, दमट हवेत उघड्या कास्ट आयर्नवर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस झाक दिसू लागते. काम थांबवायचं असेल तर ब्लॉकला ऑइल लावून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

जोडणी

नवी रिंग नुसती बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांतलं अंतर फीलर गेजने मोजा. अंतर फारच कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. पिस्टनवर चढवताना खुणेची बाजू वर आणि रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत.

तीन सिलिंडरच्या या क्रँकला चार मेन बेअरिंग आहेत. कॅप घट्ट केल्यानंतर दर वेळी क्रँक हाताने फिरवून बघा. एखादी कॅप कसल्यावर अडलं तर दोष तिथेच आहे, पुढे जाऊ नका. क्लिअरन्ससाठी प्लास्टिगेजची (दाबली की पसरणारी मऊ) पट्टी कॅपखाली ठेवून, टॉर्कने कसून, पुन्हा उघडून रुंदी मोजता येते. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. बेल्ट बसवल्यावर प्लग काढून क्रँक पाना लावून दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. त्यानंतर व्हॉल्व्हचं अंतर लावा. बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल सील आत्ताच नवे घाला, नंतर याच कामासाठी परत सगळं खोलायचं जिवावर येतं.

अपग्रेड म्हणजे काय

०.५० मिमी ओव्हरसाइजने इंजिन ७९६ वरून ८०८ सीसीच्या जवळ जातं. ताकद म्हणून हे नगण्यच. हेड भरपूर घासून कॉम्प्रेशन वाढवणंही मला पसंत नाही. खरी सुधारणा वेगळीकडे आहे.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणून इंधनाचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला, कार्बोरेटरचं किट आणि पंपाचा डायाफ्राम बदला, आणि पावसाळाभर उभी राहणारी गाडी असेल तर टाकी आतून बघा. दुसरं, रेडिएटर साफ करून किंवा कोअर बदलून घ्या, पण थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. थंड इंजिन जास्त झिजतं. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) असेल तर इलेक्ट्रॉनिक बसवा, सकाळची सुरुवात चांगली होते.

ब्लॉक बदलायचा असेल तर मात्र थांबा. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसीवर तोच लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या माहितीशी विसंगत बदल करता येत नाही, म्हणून आरटीओची परवानगी आधी घ्या. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला हाच नंबर तपासला जातो.

पहिली सुरुवात

प्लग काढून, कॉइल सोडवून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा फिरवा. मग प्लग घाला आणि सुरू करा. गळती, आवाज, तापमान पाहा, कूलंटमधली हवा निघू द्या. तासन् तास आयडलवर ठेवू नका. रिंगा बोअरला बसायला भार लागतो. गर्दी नसलेल्या वेळी पणजी-म्हापसा रस्त्यावर किंवा गावच्या सपाट रस्त्यावर वेग कमी-जास्त करत चालवा, पर्वरीचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात मध्यम दाबाने चढा. चोर्ला आणि अनमोड घाट हजार किलोमीटरपर्यंत नको. ऑइल आणि फिल्टर पहिल्या पाचशे किलोमीटरला बदला. हजारला व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा तपासा, बेल्टचा ताण बघा आणि पीयूसी करून घ्या. कार्बोरेटरचं मिक्श्चर कुठे आहे हे त्या आकड्यांवरूनही कळतं.